नावाजलेली, तरीही नावडती

पुस्तकाची थोरवी मान्य असते, आवृत्त्या निघत असतात, पुरस्कारही मिळालेले असतात. तरीही वाचक ते मिटून ठेवतो. मराठीतील अशा नापसंतीची ही कारणमीमांसा.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या पहिल्याच समासात एका विशिष्ट वाचकाचा समाचार घेतला आहे. संपूर्ण ग्रंथ न पाहताच त्याला दूषण देणारा हा वाचक. त्याच्या ठायी मत्सर आणि दुरभिमान असतो, असा समर्थांचा अभिप्राय आहे. ग्रंथाची सुरुवात होते न होते तोच, तो न आवडणारा माणूस कवीच्या डोळ्यांपुढे उभा होता, हे यावरून दिसते. त्याच पहिल्या दशकात पुढे सहावा समास श्रोत्यांच्या स्तवनाचा आहे आणि कवींच्या स्तवनाचा समास त्यानंतर, सातवा येतो. वाचकाला दटावणे आणि त्याला कवीच्या आधी मान देणे, या दोन्ही गोष्टी मराठीतील एका थोर ग्रंथात अशा शेजारी शेजारी नांदत आहेत.

आजचा वाचक मात्र आपली नापसंती उघड करताना संकोचतो. ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी शंभराव्या पानावर सोडून दिली, असे चारचौघांत सांगणे म्हणजे स्वतःच्या अरसिकतेची कबुली देणे, असे त्याला वाटते. वास्तविक या नापसंतीच्या मुळाशी बहुधा काही निश्चित कारणे असतात. ती पुस्तकाच्या भाषेत, त्याच्या नीतिकल्पनेत, ते वाचकाच्या हाती कसे आले यात, किंवा त्यात वाचकाला स्वतःचे जग सापडते की नाही, यात शोधता येतात. मराठी साहित्याच्या इतिहासावर नजर टाकली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मान्यवर पुस्तकांविषयीच्या नावडीने अनेकदा नव्या साहित्याला वाट करून दिली आहे. आणि ती नावड जेव्हा वादाऐवजी दडपणाच्या मार्गाने गेली, तेव्हा साहित्याचे नुकसान झाले आहे.

नापसंतीची परंपरा

आधुनिक मराठी गद्याच्या आरंभीच नापसंतीचे दोन मोठे आविष्कार आढळतात. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादी आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या लेखनावर कठोर टीका केली. त्या टीकेमागे भाषाशुद्धीचा आग्रह होता, तसाच विचारांचा विरोधही होता. आज लोकहितवादींची ‘शतपत्रे’ आणि फुल्यांचे ग्रंथ महाराष्ट्राच्या वैचारिक वारशाचा भाग मानले जातात, तर ‘निबंधमाला’ मराठी निबंधाचा मानदंड म्हणून अभ्यासली जाते. टीकाकार आणि टीकेचे विषय हे दोघेही टिकून राहिल्याचे हे उदाहरण आहे.

दुसरा आविष्कार स्वतः फुल्यांचा. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेला हातभार लावण्याची विनंती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना केली, तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखांना जागा नाही, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपला मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या काळच्या प्रतिष्ठित वाङ्मयाविषयी एका वाचकाने नोंदवलेली ही नापसंती होती. तिचे कारण रसिकतेच्या अभावात शोधता येत नाही. आपण या पुस्तकांत कुठेच नाही, हे ते कारण होते. पुढे दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी हेच कारण पुन्हा मांडले.

नापसंतीचा तिसरा प्रकार हसरा आहे. १९२५ मध्ये प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्याचा संग्रह काढला. रविकिरण मंडळाच्या कवींची तेव्हा चलती होती. त्यांच्या काव्यवाचनाला गर्दी होत असे. त्यांच्या शैलीतील कृत्रिमता अत्र्यांना खटकली आणि तिच्यावर त्यांनी लेखाऐवजी कवितेनेच प्रहार केला. परिणाम असा की, ज्या कवितांचे विडंबन झाले त्यांपैकी काही आज विस्मृतीत गेल्या आहेत, पण विडंबने मात्र वाचली जातात.

‘दासबोध’ : आदर आणि अंतर

जालना जिल्ह्याच्या भूमीत जन्मलेल्या लेखकाचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ म्हणजे ‘दासबोध’. वीस दशके, प्रत्येक दशकात दहा समास, असे एकूण दोनशे समास आणि सुमारे पावणेआठ हजार ओव्या, अशी त्याची रचना आहे. नित्यपारायण करणारी घराणी, मठ आणि संप्रदाय यांबरोबरच रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या बैठकांमुळे तो समाजाच्या फार मोठ्या वर्गापर्यंत पोहोचला. तरीही या ग्रंथापासून दूर राहणारा वाचक महाराष्ट्रात नेहमीच होता व आहे.

त्याची कारणे तीन. पहिले कारण शैलीचे. ज्ञानेश्वरांच्या ओवीत उपमांची रेलचेल आहे; तुकारामांच्या अभंगात स्वतःशी चाललेले भांडण आहे. रामदासांची ओवी आज्ञार्थी आणि यादीवजा आहे. लक्षणे मोजणे, वर्गवारी करणे, काय करावे आणि काय करू नये हे सांगणे, ही तिची रीत. दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणे आणि पढतमूर्खलक्षणे ज्यांना आवडतात त्यांना याच रीतीमुळे आवडतात. आणि ज्यांना ग्रंथ रुक्ष वाटतो त्यांनाही तो याच रीतीमुळे तसा वाटतो. प्रपंच कसा करावा, सभेत कसे बोलावे, अक्षर कसे काढावे येथपर्यंत मार्गदर्शन करणारा हा ग्रंथ काव्य म्हणून हाती घेणाऱ्याची निराशा होणे स्वाभाविक आहे.

दुसरे कारण जीवनदृष्टीचे. तिसऱ्या दशकाची सुरुवात जन्मदुःखाच्या निरूपणाने होते. गर्भवासाचे आणि देहाचे तेथील वर्णन किळस उत्पन्न व्हावी अशाच हेतूने केलेले आहे. वैराग्याच्या उपदेशाची ही जुनी पद्धत आहे. पण मातृत्वाकडे व स्त्रीदेहाकडे आदराने पाहणाऱ्या आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रीला, ती पाने दूर लोटतात.

तिसरे कारण सामाजिक. पाचव्या दशकाच्या आरंभी ब्राह्मणाचे गुरुत्व ठासून सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रधर्माचे उद्गाते म्हणून रामदासांचे माहात्म्य प्रतिपादले, तेव्हा ब्राह्मणेतर चळवळीतील लेखकांनी त्या मांडणीला तीव्र विरोध केला. रामदास आणि शिवाजी महाराज यांच्या संबंधांविषयीचा वाद त्यातूनच पेटत राहिला. परिणामी, अनेक वाचकांचे ग्रंथाविषयीचे मत ग्रंथ उघडण्यापूर्वीच, त्या वादातील आपल्या बाजूनुसार ठरते. भक्त ज्या कारणाने तो न वाचता डोक्यावर घेतो, त्याच कारणाने विरोधक तो न वाचता बाजूला सारतो. समर्थांनी पहिल्या समासात केलेली तक्रार येथे दोन्ही पक्षांना लागू पडते.

पुराणातील नायक आणि आजचा वाचक

लोकप्रियता आणि मान्यता या दोन्ही गोष्टी एकत्र लाभलेल्या मराठी कादंबऱ्यांत वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ अग्रस्थानी आहे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ च्या ज्ञानपीठाने खांडेकर हा सन्मान मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले. महाभारतातील राजा ययाती याच्या कथेतून, उपभोगामागे धावणाऱ्या आधुनिक माणसाचे चित्र रंगवण्याचा त्यांचा हेतू होता.

या कादंबरीवरील आक्षेप ठरलेले आहेत. तिची भाषा अलंकारांनी लगडलेली आहे. पात्रे बोलता बोलता सुभाषिते उच्चारतात. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कथा स्वतः सांगतात, पण तिघांच्या बोलण्यावर एकाच लेखकाच्या वाणीची छाप आहे. अहंकारी देवयानी आणि समर्पित शर्मिष्ठा ही विभागणी आजच्या अनेक वाचक स्त्रियांना अन्यायकारक वाटते. पित्याने फसवणुकीनंतर घेतलेला सूड आणि पतीने केलेली प्रतारणा यांमध्ये सापडलेल्या देवयानीला अधिक सहानुभूतीने पाहता आले असते, असे त्यांचे म्हणणे. हे आक्षेप घेणारे आणि ‘ययाति’ने भारावून गेलेले वाचक यांच्यात बहुधा एका पिढीचे अंतर असते. जीवनादर्शाच्या शोधात कादंबरी वाचणाऱ्या पिढीला जे भावले, तेच अनुभवाच्या खरेपणाची मागणी करणाऱ्या पिढीला खोटे वाटले.

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण यांच्या मुखांतून सांगितलेली ही कादंबरी आजही नव्या वाचकाला मराठी पुस्तकांकडे आणणाऱ्या मोजक्या कृतींपैकी एक आहे. तिच्याविषयीची नापसंती एका वेगळ्या दिशेने येते. ती महाभारत वाचणाऱ्यांकडून येते. मूळ सभापर्वात द्यूतानंतर द्रौपदीविषयी अत्यंत हीन उद्गार काढणारा आणि तिची वस्त्रे हिरावून घेण्यास सांगणारा कर्णच आहे. स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाला नाकारल्याचा लोकप्रिय प्रसंग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेत धरलेला नाही. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला कर्णाचे उदात्तीकरण खटकते. योगायोगाने ‘मृत्युंजय’च्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. महाभारतातील व्यक्तींना, कर्णालाही, भावुकतेचा लेप न देता तपासणारे हे पुस्तक साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. एकाच वर्षी एकाच ग्रंथावर आधारलेली दोन पुस्तके आली. एकाने कर्णाला डोक्यावर घेतले, दुसऱ्याने त्याला माणसांत आणून बसवले. दोन्ही पुस्तकांवर सारखेच प्रेम करणारे वाचक आहेत, पण पुष्कळांना त्यांपैकी एकच मानवते.

सक्तीने वाचलेली पुस्तके

काही पुस्तकांविषयीची नावड पुस्तकापेक्षा ते हाती येण्याच्या रीतीतून जन्मते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. बक्षीस म्हणून, वाढदिवसाची भेट म्हणून, स्पर्धा-परीक्षांचे पुस्तक म्हणून ते पिढ्यान्पिढ्या मुलांच्या हाती पडत आले.

मोठेपणी या पुस्तकाला नाके मुरडणाऱ्यांचा मुख्य आक्षेप त्यातील अश्रूंवर असतो. प्रत्येक रात्री सांगितलेल्या आठवणीच्या शेवटी श्रोत्यांचे डोळे भरून येतात. आई सतत सोसत राहते आणि तिच्या सोसण्यालाच थोरवी प्राप्त होते. ज्या घरात मुलाला हे पुस्तक ‘बघ, श्याम कसा वागला’ या सुरात दिले गेले, तेथे ते गोष्टीऐवजी शिस्तीचे साधन झाले. हेच पुस्तक उशिरा, आपल्या इच्छेने उघडणाऱ्याला मात्र त्यात कोकणातल्या कर्जबाजारी खोताच्या घराची वाताहत, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान आणि दारिद्र्याचे तपशील आढळतात. उपदेशाच्या आवरणाखाली एक आर्थिक शोकांतिका दडली आहे, हे शाळकरी वयात समजणे कठीण असते.

अभ्यासक्रमाला लागलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या वाट्याला थोडाफार हाच भोग येतो. संदर्भासहित स्पष्टीकरण, स्वभावचित्रण आणि दहा गुणांचा प्रश्न या क्रमाने वाचलेली कादंबरी परीक्षेनंतर पुन्हा उघडली जात नाही.

‘कोसला’ : नावडीतून जन्मलेली, नावडती झालेली

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकाचे वय पंचवीस होते. खानदेशातून पुण्यात शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही कहाणी. तत्पूर्वीच्या लोकप्रिय कादंबरीतील रचलेली कथानके, सुंदर नायिका आणि सुभाषितवजा भाषा यांविषयीच्या तीव्र तिटकाऱ्यातून ती लिहिली गेली, हे नेमाड्यांच्या पुढच्या समीक्षालेखनातून स्पष्ट होते. ‘टीकास्वयंवर’ या त्यांच्या समीक्षाग्रंथाला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; त्यात लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो, याची त्यांनी केलेली चिकित्सा प्रसिद्धच आहे.

नापसंतीतून जन्मलेल्या या कादंबरीला पुढे स्वतःला नापसंतीला तोंड द्यावे लागले. तिच्यात कथानक पुढे सरकत नाही. नायक काहीच करत नाही. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या शब्दांची पुनरावृत्ती काहींना जिवंत बोलण्याची लय वाटते, तर काहींना डोकेदुखी. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत शहरात शिकायला आलेल्या ग्रामीण तरुणांनी ती आपली म्हणून स्वीकारली. वसतिगृहाची खोली, खाणावळ, मनीऑर्डरची वाट आणि शहराचा परकेपणा त्यांच्या परिचयाचा होता. ज्यांना तो अनुभव नव्हता त्यांच्यापैकी अनेकांना सांगवीकर नुसताच रडका आणि आळशी वाटला.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये आली, ती अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. एवढ्या प्रतीक्षेने अपेक्षाही तेवढ्याच वाढल्या होत्या. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव याच्या स्मृतींतून सिंधू संस्कृतीपासून खानदेशातील कुणबी घरापर्यंत फिरणारी ही दीर्घ कादंबरी अनेकांनी उत्साहाने विकत घेतली. ती पूर्ण वाचणारे त्या मानाने थोडे, अशी कुजबुज तेव्हापासून ऐकू येते. शीर्षकातील ‘अडगळ’ या शब्दावर कोट्याही झाल्या. २०१४ च्या ज्ञानपीठानंतर तिची मागणी वाढली आणि त्याबरोबर निराश वाचकांची संख्याही. पुरस्कार पुस्तकाला नवा वाचक मिळवून देतो. तो वाचक त्या पुस्तकासाठी तयार असेलच, याची हमी देत नाही.

भाषेचा उंबरठा

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. मुंबईच्या वेश्यावस्तीची आणि गुन्हेगारी जगाची त्यातली बोली पांढरपेशा वाचकाला इतकी अपरिचित होती की, प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही अनेक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. अनेक वाचकांनी त्याला अश्लील ठरवले; आज मराठी कवितेचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही.

मराठवाड्याला हा प्रश्न उलट्या बाजूने ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. आजच्या जालना जिल्ह्याचे तालुके तेव्हा औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत मोडत होते. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी शाळा आणि वाचनालये चालवणे हे येथे लोकजागृतीचे काम होते. त्या वाचनालयांत येणाऱ्या पुस्तकांतील जग बहुधा पुण्या-मुंबईच्या वाड्यांचे आणि चाळींचे असे. कोरडवाहू शेती, दुष्काळ, आठवडी बाजार आणि येथील बोली त्यात क्वचितच येई. १९७१ मध्ये रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आली आणि खेड्यातल्या शिंप्याच्या घराची पडझड त्या घरातील पार्वतीने मराठवाडी बोलीत सांगितली. शहरी वाचकाला ज्या बोलीपाशी अडखळायला झाले, तीच येथील वाचकाला घरची वाटली. औरंगाबादेतून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांना हेच व्यासपीठ दिले.

आत्मकथनांच्या बाबतीत नापसंती अधिक गुंतागुंतीची होती. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला; पण दलित समाजातील काही वाचकांनीही, आपल्या घरातील उणिवा चव्हाट्यावर मांडल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. ज्यांच्याविषयी पुस्तक लिहिले जाते, त्यांची नावड आणि ज्यांच्यासाठी ते नवे असते त्यांची नावड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत प्रतिष्ठेचा प्रश्न असतो, दुसरीत सवयीचा.

नावड न्यायालयात जाते तेव्हा

बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या १९४७ च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला; त्यातून ते निर्दोष सुटले. दुर्बोधता हा त्यांच्यावरचा दुसरा आरोप तर बराच काळ टिकला. पुढे विजया राजाध्यक्ष यांच्या मर्ढेकरांच्या कवितेवरील अभ्यासग्रंथाला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाऊ पाध्ये यांच्या १९६५ च्या ‘वासूनाका’वर आचार्य अत्रे यांनी कडाडून हल्ला चढवला. ज्या अत्र्यांनी चाळीस वर्षांपूर्वी प्रस्थापित कवींची खिल्ली उडवली होती, त्यांनाच नव्या पिढीची भाषा असह्य व्हावी, हे बोलके आहे.

सर्वांत क्लेशदायक प्रसंग २००९ चा. ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे डॉ. आनंद यादव महाबळेश्वरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादव यांनी क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले आणि अखेर अध्यक्षपदाचाही राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. कादंबरी वाईट होती असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक वारकऱ्याला होता, आणि तुकोबांवर अपार श्रद्धा असलेल्यांचे दुखावणेही समजण्याजोगे होते. पण पुस्तकच उपलब्ध राहिले नाही, तेव्हा ते नावडण्याचा हक्कही इतर वाचकांकडून हिरावला गेला. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती कादंबरी पूर्ण वाचली होती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

थोरांनाही थोर आवडत नाहीत

नावाजलेल्या पुस्तकांविषयीची नावड केवळ सामान्य वाचकाची नसते. लिओ टॉलस्टॉय यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात शेक्सपिअरवर प्रदीर्घ निबंध लिहून, त्याची नाटके आपल्याला कंटाळवाणी आणि अनैतिक वाटतात, असे सांगितले. शेक्सपिअर अनेकदा, वेगवेगळ्या भाषांतून वाचूनही आपले मत बदलले नाही, हेही त्यांनी नमूद केले. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४७ मध्ये या निबंधाला उत्तर दिले. टॉलस्टॉयच्या रागाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात आणि ‘किंग लिअर’च्या कथेशी असलेल्या साम्यात आहे, अशी त्यांची मांडणी होती. एका नापसंतीमुळे दोन उत्तम निबंध जगाला मिळाले. टॉलस्टॉय यांनी मूळ नाटके बारकाईने वाचली होती, म्हणून त्यांच्याशी वाद घालणे शक्य झाले.

फ्रान्समध्ये शिक्षक असलेले लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांत न वाचण्याचा, पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क यांचा समावेश आहे. मुलांना वाचनाची गोडी लावायची तर आधी भीती काढून टाकली पाहिजे, हा त्यामागचा अनुभव.

ग्रंथालयांपुढील प्रश्न

ही चर्चा केवळ अभिरुचीपुरती राहत नाही. तिला सार्वजनिक पैशाची बाजू आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्यानुसार अ, ब, क आणि ड वर्गांतील ग्रंथालयांना शासन अनुदान देते. जालना शहरापासून तालुक्याच्या आणि मोठ्या गावांपर्यंत वाचनालये या अनुदानावर अवलंबून आहेत. पुस्तकखरेदी करताना शासनमान्य यादी, पुरस्कार आणि प्रकाशकांच्या सवलती यांचा विचार होतो. ते आवश्यकही आहे. कारण पुरस्कार ही निवडीची सोयीची खूण असते. मात्र कपाटात आलेले पुस्तक कोणी नेले, कोणी दोन दिवसांत परत केले आणि कोणी पुन्हा मागितले, ही देवघेवीच्या नोंदवहीतील माहिती पुढच्या खरेदीच्या वेळी क्वचितच पाहिली जाते. ग्रंथालयशास्त्राचे आद्य भारतीय आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी दोन सूत्रे आहेत. नापसंतीची नोंद ठेवल्याशिवाय ही दोन्ही सूत्रे पाळता येत नाहीत. नावड कळली तर ‘हिंदू’ परत करणाऱ्याच्या हाती ‘पाचोळा’ देता येते आणि ‘ययाति’ला कंटाळलेल्याला ‘युगान्त’ सुचवता येते.

कारणे थोडक्यात

शैली : अलंकारिक, उपदेशपर किंवा यादीवजा लेखन. काळ बदलला की शैलीची गोडी सर्वप्रथम ओसरते.

अनुपस्थिती : पुस्तकात वाचकाचे जग, जात, गाव, बोली नसणे. फुल्यांचा १८८५ चा आक्षेप याच प्रकारचा.

सक्ती : अभ्यासक्रम, बक्षीस किंवा संस्कार म्हणून लादलेले वाचन.

मूळ ग्रंथाशी विसंगती : पुराण वा इतिहासावरील कादंबऱ्यांबाबत जाणकारांची तक्रार.

अवाजवी अपेक्षा : पुरस्कार आणि प्रसिद्धी यांमुळे अयोग्य वेळी हाती आलेले पुस्तक.

पक्षनिष्ठा : लेखकाच्या जातीमुळे, विचारांमुळे किंवा अनुयायांमुळे न वाचताच ठरवलेले मत.

यांपैकी पहिली पाच कारणे वाचनातून येतात आणि त्यांच्याविषयी बोलता येते. सहावे वाचनापूर्वीचे आहे. आपली नावड कोणत्या प्रकारात बसते, हे वाचकाने स्वतःशी तपासून पाहिले तर पुष्कळ काम होते. शैलीमुळे सोडलेले पुस्तक काही वर्षांनी पुन्हा उघडून पाहता येते, कारण वयाबरोबर कान बदलतात. सक्तीमुळे नावडलेल्या पुस्तकाला एकदा स्वेच्छेने संधी देता येते. अनुपस्थितीमुळे नावडलेल्या पुस्तकाला मात्र दुसऱ्या पुस्तकानेच उत्तर देता येते, आणि मराठीत ते उत्तर ‘कोसला’ने, ‘गोलपिठा’ने, ‘बलुतं’ने आणि ‘पाचोळा’ने दिलेले आहे.